तोंड बांधायच्या आधीचं वजन

तेरखेड्याच्या शोभेच्या दारूच्या शेडवर दैवशालानं अठरा वर्षं काढली, आणि अठरा वर्षांत तिच्या हातनं ना एक नळी कमी भरली गेली, ना एक जास्ती. ही फुशारकी न्हाय. भुईनळ्यात मसाला कमी पडला तर तो नुसता फुसफुसतो, आन् जास्ती पडला तर फुटतो, आणि फुटला की कुणाचं तरी लेकरू भाजतं. म्हणून भरणारीनं तोलायचं, आणि तोलायचं ते तोंड बांधायच्या आधी. पुठ्ठ्याची रिकामी नळी काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मसाला ओतायचा, आकडा बघायचा, आणि मगच वरनं माती ठोकून तोंड बंद करायचं.

ही रीत तिला सासूनं शिकवली. प्रेमाबाई स्वतः त्याच शेडवर म्हातारी झालेली. नव्या सुनेला पहिल्या दिवशी काट्यापुढं बसवून ती म्हणाली होती, "तोंड उघडं हाय तवर तोल. एकदा माती ठोकली की मसाला किती आन् माती किती, ते काट्याला कळत न्हाय." त्यानंतर दैवशालाच्या हाताला कुणाला काय सांगावं लागलं न्हाय. ती बोलायची कमी. तोलताना ओठ हलायचे तेवढंच. नखांच्या कडंला चंदेरी भुकटी बसलेली असायची, ती लग्नकार्यालासुदीक निघायची न्हाय.

मागच्या दिवाळीनंतर तिचा खोकला काय थांबंना. हंडा उचलला की दम लागाय लागला. बार्शीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाकडं धरला आणि सरळ सांगितलं, "बाई, तुम्ही शेड सोडा. न्हायतर फुफ्फुसं तुम्हाला सोडतील."

तिचा नवरा धनाजी पिकअप चालवतो.  येताना तो म्हणाला, "सोड तर मग. पण सोडून करशील काय? रानात गेलीस तर तिथं धूळच हाय."

"बसून करायचं काम बघते."

"बसून करायचं काम कलेक्टरला असतंय," धनाजी म्हणाला, आणि गिअर बदलला.

तसलं काम तालुक्याच्या गावाला, वाशीत निघालं. तिथं एका संस्थेनं बायकांसाठी फुकट संगणक वर्ग काढलेला. दहावी पास एवढीच अट. दैवशाला दहावीला गणितात एकाहत्तर मार्क घेऊन बोहल्यावर चढलेली, तेव्हा अट पुरी. वर्गात तेवीस बाया, आणि सगळ्यांत थोरली ही. शिकवायला शिवप्रसाद सर. ते पायथन नावाची संगणकाची भाषा शिकवायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "भाषा म्हणजे काय, तर हुकूम द्यायचे. एका ओळीत एक हुकूम. संगणक वरनं खाली एकेक पाळत जातो. मधला गाळत न्हाय, आणि मनचं काय घालत न्हाय." हे तिला पटलं. शेडमधीबी कामाची रीत हीच. बाकीच्या बाया मोबाइलचं काहीबाही विचारत बसायच्या, ही वहीत हुकूम उतरवून घ्यायची. मार्च संपता संपता वर्गातल्या तेवीस बायांतल्या नऊ उरल्या, त्यात ही होती.

मग सरांनी खबर आणली. बाजारपेठेत बियाण्याच्या दुकानावर महेश्वरी मॅडमचं ऑफिस होतं. गावोगावच्या शाळांची जुनी रजिस्टरं तिथं संगणकावर उतरवून घेत आणि पुण्याला पाठवत. एक जागा भरायची होती. दैवशाला भेटून आली. मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर. त्यांनी काम सांगितलं ते असं. एका गावाची एक फाइल. फाइल झाली की ती किती बाइटची, म्हणजे किती मापाची, तो आकडा यादीत टाकायचा. पुण्याला पोचल्यावर ते लोक तो आकडा ताडून बघतात. जुळला तर फाइल सगळी पोचली, न्हाय जुळला तर वाटंत काय तरी सांडलं.

"पंधरा दिवसांनी शुक्रवारी या," मॅडम म्हणाल्या. "इथं माझ्यापुढं प्रोग्रॅम लिहायचा. नोंदी फाइलीत टाकायच्या आणि साइज सांगायची. एवढं जमलं तर जागा तुमची."

दैवशालाला आतनं हसूच आलं. भरायचं आणि तोलायचं. हेच तर ती अठरा वर्षं करत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाच्या खोलीत बसून तिनं प्रोग्रॅम लिहिला. फाइल उघड. दहा नोंदी लिही. साइज विचार. फाइल बंद कर. चारच गोष्टी. बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला, शून्य.

तिनं फाइल उघडून बघितली. दहाच्या दहा नोंदी आत होत्या, एक अक्षर इकडं तिकडं न्हाय. परत बटण दाबलं. शून्य. ओळी पुसून परत लिहिल्या. शून्य. नोंदी दहाच्या वीस केल्या. तरी शून्य, तेव्हा परत दहाच ठेवल्या. भरलेली नळी काट्यावर ठेवावी आणि काटा जागचा हलू नये, तसं झालं. शेडमधी असं झालं असतं तर काटा बिघडला म्हणून तिनं मुकादमाला हाक मारली असती. इथं मुकादम म्हणजे शिवप्रसाद सर, आणि ते आठवड्यातनं दोनदाच यायचे.

सर आले तेव्हा तिनं दाखवलं. सरांनी फाइलीवर माउस नेला, उजवं बटण दाबलं, माहिती उघडली. तिथं लिहिलेलं, सहाशे बारा बाइट.

"फाइल तर चांगली हाय की, ताई."

"मग माझा हुकूम शून्य का म्हणतोय?"

"तुमचा रस्ता चुकला असंल. त्याच नावाची दुसरी रिकामी फाइल कुठंतरी असंल, तिला विचारताय तुम्ही."

मग तासभर सरांनी रस्ता शोधला. ह्या फोल्डरात बघितलं, त्या फोल्डरात बघितलं, नाव बदललं, जागा बदलली. दुसरी फाइल काय सापडली न्हाय. शून्य काय गेलं न्हाय. शेवटी सरांनी घड्याळ बघितलं, त्यांना भूमच्या वर्गाला जायचं होतं. "लॉजिक तर बरोबर दिसतंय," ते चप्पल घालता घालता म्हणाले. "तुम्ही बघा जरा." दैवशालाला कळंना. लॉजिक बरोबर, फाइल बरोबर, रस्ता बरोबर, मग चुकलंय कोण?

त्याच्या पुढच्या दिवशी तर अजूनच घोळ झाला. तिनं नुसती साइज विचारायची एक ओळ वेगळी लिहिली, आणि कालच्याच फाइलीला विचारलं. उत्तर आलं, सहाशे बारा. तीच फाइल, तोच हुकूम. काल शून्य होती, आज सहाशे बारा. तिनं दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून घेतले.

घरी प्रेमाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. दैवशालानं पदरानं तोंड पुसलं आणि शेजारी बसून शेंगा फोडाय लागली. दोघींचं असंच चालायचं, हात चालू असले की तोंड उघडायचं.

"आत्या, काल भरून ठिवलं तवा वजन शून्य. आज तोललं तर बरोबर."

"मंग दमट झालं असंल," प्रेमाबाई म्हणाली. "श्रावणात मसाला उघडा राहिला की सकाळी जड लागतो का न्हाय?"

"आत्या, ते संगणकात हाय. तिथं कसली आलीय दमट."

"मला काय म्हाईत. तूच म्हणतीस वाढलं. वाढाय काय तरी कारण लागतंय."

म्हातारीचं बोलणं हसण्यावारी न्यायचं, पण दैवशालाच्या डोक्यात ते बसलं. दमट नसंल, पण येळ लागत असंल. मसाला ओतला की धूळ बसेपतुर काटा थरथरतो, तसं काय तरी. तिनं प्रोग्रॅममधी लिहिल्यानंतर आणि साइज विचारायच्या आधी एक हुकूम घातला, पाच मिनिटं थांब. पाच मिनिटं ती पडद्यापुढं हात मांडीवर ठिवून बसली. आकडा आला, शून्य. दहा मिनिटं केली. शून्य. शेजारची एक बाई म्हणाली, "ताई, ध्यानाला बसलाय का काय?"

शुक्रवार सहा दिवसांवर आलेला. रात्री धनाजी म्हणाला, "शून्यच सांगावं म्हणतो मी. आकडा तर आकडा."  शेडचा मालक उत्तरेश्वर आदल्याच दिवशी दारात येऊन गेला होता. हंगामाचं भरायचं सुरू करायचंय, येणार का न्हाय तेवढं सांग म्हणाला. तिनं शुक्रवारी सांगते म्हटलेलं. बोलता बोलता तिला खोकला आला, आणि उत्तरेश्वर उंबऱ्यातनं खाली उतरून चपला घालीपतुर तो थांबला न्हाय.

सोमवारी दुपारी ती परत थांबायचा हुकूम घालून बसली. ह्या खेपंला अर्धा तास. आता होऊन जाऊ दे म्हणून. पंचविसाव्या मिनिटाला लाइट गेली. खोलीतले सगळे संगणक एकदम गपगार. बॅटरीचा डबा होता, पण तो कधीच मेलेला, नुसता टेबलाखाली पाय ठिवायला. बाया बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. दैवशाला जागची उठली न्हाय.

तासाभरानं लाइट आली. तिनं संगणक चालू केला आणि फाइल उघडून बघितली. फाइल रिकामी. दहा नोंदींतली एक न्हाय. उजवं बटण दाबून बघितलं, तिथंबी शून्य.

 लिही हा हुकूम तर कवाच होऊन गेलेला. पंचवीस मिनिटं झालेली. मग लिहिलेलं गेलं कुठं? तिनं वही काढली आणि शेडमधी बिघाड झाला की करायची तसं बोट ठिवून एकेक पायरी मागं गेली. उघडली, ती झाली. लिहिलं, ते झालं. थांबली. इथं लाइट गेली. बंद करायचं तेवढं राहिलं. रोज बंद करायचं व्हायचं, आणि रोज नंतर बघितलं की माल आत असायचा. आज बंद केलं न्हाय, आणि आत काय न्हाय.

म्हणजे काटा खोटं बोलतच नव्हता. शून्य म्हणत होता तेव्हा आत शून्यच होतं. लिही म्हटलं की संगणक फाइलीत टाकत न्हाय. मूठ भरून घेतो आणि तशीच धरून बसतो. बंद कर म्हटलं की मग टाकतो. ती आपली नळी तोलत बसलेली, आणि मसाला अजून मुठीत.

तिनं दोन ओळी उलट्या केल्या. आधी बंद कर, मग साइज विचार. हे लिहिताना तिचा हात दोनदा अडला. बटण दाबलं. सहाशे बारा.

आता ह्यावर कुणीबी खूश झालं असतं. दैवशालाला दुसराच घोर लागला. तोंड बांधून तोललं तर त्यात नळीचं वजन किती आणि मालाचं किती? तिनं रिकामी फाइल केली, उघडली, काय न लिहिता बंद केली, आणि विचारलं. शून्य. नळीला वजनच न्हाय. मातीलाबी न्हाय. असली नळी तिनं जन्मात बघितली नव्हती.

घरी सांगितलं तर प्रेमाबाईनं मानच हलवली.

"बांधून तोलायचं म्हणतीस? ही काय रीत झाली व्हय?"

"तिथं तशीच हाय, आत्या."

"आन् बांधल्यावर कमी निघालं तर? परत कसं घालायचं?"

"परत उघडायचं."

"बांधलेलं परत उघडायचं," प्रेमाबाई स्वतःशीच म्हणाली. "लई येडं काम दिसतंय. हे शिकाय तू जीपनं जातीस."

शुक्रवारी ती धुतलेलं लुगडं नेसून मॅडमच्या ऑफिसात गेली. ईट गावची, पदवी झालेली एक पोरगी आधीच परीक्षा देऊन निघाली होती, जिन्यात भेटली. मॅडमनी लॅपटॉप पुढं सरकवला. "दहा नोंदी नकोत. ही आठशे नोंदींची यादी घ्या. खरं काम असंच असतं." आणि त्या खुर्चीच्या मागं उभ्या राहिल्या, फोनवर कुणाशी तरी बोलत.

मागं कुणी उभं राहिलं की दैवशालाचे हात आपोआप चालायचे. मुकादम असाच मागं उभा राहायचा. तिनं भराभर ओळी लिहिल्या, बटण दाबलं. आकडा आला, सोळा हजार चारशे सव्वीस.

मॅडमनी फोन कानावरनं जरा बाजूला केला. "आला आकडा? छान. आधीच्या मुलीचाही असाच आला." आणि कागदावर टिक करायला पेन उचललं.

दैवशालाचा जीव भांड्यात पडला आणि तसाच परत वर आला. तिची नजर ओळींवर गेली. लिही. साइज विचार. बंद कर. हातानं अठरा वर्षांचं तेच केलं होतं, तोंड बांधायच्या आधी तोललं होतं. मग आकडा शून्य का न्हाय? शून्य यायला पाहिजे होतं. सोळा हजार कुठनं आलं? आकडा चांगला भरदार दिसत होता. मॅडमला काय कळणार नव्हतं. पेन कागदाला टेकलेलं.

"मॅडम, थांबा जरा," ती म्हणाली. "हा आकडा चुकलाय."

"आला की बरोबर."

"आलाय, पण बरोबर न्हाय."

"कशावरनं?"

"ते मला सांगता यायचं न्हाय. पण म्या बंद करायच्या आधी तोललंय."

मॅडमनी फोन ठेवून दिला. दैवशालानं उजवं बटण दाबून फाइलीची माहिती उघडली. एकोणीस हजार दोनशे आठ.  दैवशालाचे ओठ हलाय लागले. दोन हजार सातशे ब्याऐंशी कमी. मग तिच्या ध्यानात आलं. मूठ भरली की तो तेवढं टाकत असंल, परत भरून घेत असंल, परत टाकत असंल. दहा नोंदीला मूठच भरत नव्हती, म्हणून शून्य. आठशेला मुठी भरल्या, आणि शेवटची अर्धी त्याच्या हातात राहिली. हे तिनं मॅडमला सांगितलं, जसं जमलं तसं. मधी मसाला आला, काटा आला, माती आली. मॅडमचा चेहरा बघून तिला वाटलं, आपण उगं तोंड उघडलं.

"म्हणजे शून्य आलं तर कळतं चुकलं म्हणून," मॅडम सावकाश म्हणाल्या. "पण असा आकडा आला तर कुणाला कळणारच नाही?"

"मला तर कळलं नसतं. ओळी दिसल्या म्हणून."

 मॅडमनी कपाटातनं कागदांची एक फाइल काढली, पुण्यानं परत पाठवलेल्या गावांची. चाळीस-एक गावं होती. प्रत्येकापुढं एकच शेरा, आकडा जुळत नाही. मॅडमनी लॅपटॉपवर ऑफिसचा जुना प्रोग्रॅम उघडला, चष्मा डोक्यावरनं खाली घेतला, आणि बोट ठेवून ओळी वाचाय लागल्या. बोट एका जागी थांबलं.

"इथंही असंच असेल का हो?"

"म्हाईत न्हाय. बघावं लागंल."

"मीच लिहिलाय हा," मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण कुणावर ते दैवशालाला उमगंना. त्यांनी मघाचा कागद घेतला, त्यावरची अर्धवट टिक खोडली, परत काय तरी लिहिलं, आणि तो ड्रॉवरमधी टाकून दिला. "सोमवारी दहाला या. डबा आणा. चाळीसच्या चाळीस गावं परत मोजायची आहेत."

"आन् ती ईटची पोरगी?"

"तिनं थांबा म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या, आणि फोन उचलला.

तेरखेड्याला उतरल्यावर दैवशाला आधी शेडवर गेली. उत्तरेश्वर दारात खुर्ची टाकून बसलेला. तिनं उभ्याउभ्या सांगितलं, "मालक, मी येत न्हाय. दुसरी बघा." तो म्हणाला, "तुझ्यासारखी भरणारी कुठनं आणू?" ती म्हणाली, "शिकवली की येती." आणि घराकडं वळली.

ओट्यावर प्रेमाबाई वाटच बघत होती. "काय झालं गं?"

"सोमवारी बोलावलंय."

"म्हंजे बरोबर आलं तुझं."

"न्हाय आत्या, चुकलं."

प्रेमाबाईनं सुपातलं बोट थांबवलं. "चुकलं, आन् कामावर घेतलं?"

"व्हय."

"का?"

दैवशाला चपला काढून तिच्याशेजारी टेकली.  "ते मलाबी नीट कळलं न्हाय," ती म्हणाली.